तिलाही हळदीकुंकवाला आणा!

इस्लापूरसारख्या गावात हळदीकुंकवाला निघताना मतिमंद लेकीला आतल्या खोलीत बसवून येणारी आई आपल्यातलीच असते. तिला दोष कशाला द्यायचा? बायका पोरीकडे टक लावून बघतात, तेच तिला सोसत नाही. रात्री मात्र एकच घोर, 'माझ्यामागं हिचं कसं व्हायचं?'

पुण्यात १९६४ साली 'कामायनी' संस्था निघाली. अशा मुलांना शिकवायचं, मोठेपणी कार्यशाळेत हाताला काम द्यायचं, हे तिथं चालतं. पुणं लांब खरं. पण सुरुवातीला इमारत लागत नाही. महिला मंडळानं आठवड्यातली एक दुपार ठेवावी. वाती वळणं, शेंगा फोडणं, पुड्या बांधणं! एका वेळी एकच कृती करून दाखवावी, घाई करू नये. तेवढा वेळ आईलाही विसावा मिळतो.

सरकारी आधारही आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' आरोग्य विमा मिळतो. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या हळदीकुंकवाला त्या माउलीला सांगा, 'लेकीला घेऊनच या.' आणि आली की पहिलं कुंकू तिलाच लावा!