मणी, जाळी आणि आम्ल

ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? रिअ‍ॅक्शनमध्ये? मुळीच नाही! ती बिचारी आपोआप होत असते. वेळ जातो तो नंतरच्या धुण्यात. एस्टर तयार करताना अ‍ॅसिड आणि अल्कोहोलमध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालतो. ते कॅटॅलिस्ट आहे, म्हणजे शेवटी जसंच्या तसं उरतं. मग त्याला बाहेर काढायला सोडा बायकार्ब घाला, फेस येऊ द्या, सेपरेटिंग फनेल हलवा, खालचा थर सिंकमध्ये सोडा.

आता थोडा हिशोब करू. 98 ग्रॅम सल्फ्युरिक अ‍ॅसिड मारायला 168 ग्रॅम बायकार्ब लागतो आणि 142 ग्रॅम सोडियम सल्फेट तयार होतं. जे आम्ल पुन्हा वापरता आलं असतं त्याचं आपण खारं पाणी केलं, तेही पैसे खर्चून! परीक्षानळीत हे चालतं. टनावारी माल काढणाऱ्या कारखान्यात हेच पाणी डोकेदुखी होतं.

मी नवेगाव बांधची. आमचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असं सांगतात. त्याच्या पाण्यावर धान पिकतं, मासेमारी चालते, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. मी केमिकलला अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "तुमच्या कारखान्याचं पाणी जाते कुठं?" या लेखातला विषय मला आवडला तो त्या प्रश्नामुळे.

कल्पना साधी आहे. मासेमारीच्या जाळ्यात मासा अडकतो, पाणी निघून जातं. तसंच कॅटॅलिस्टला मोठ्या, न विरघळणाऱ्या वस्तूला बांधून टाकलं तर? रिअ‍ॅक्शन झाली की गाळायचं. कॅटॅलिस्ट गाळणीत, माल खाली. धुणं नाही, फेस नाही.

ही न विरघळणारी वस्तू म्हणजे पॉलिमरचे मणी. स्टायरीनच्या लांब साखळ्या डायव्हिनाइल बेंझीनने एकमेकींना जोडल्या की जाळीदार मणी तयार होतात. आकार साधारण 0.3 ते 1.2 मिलिमीटर, म्हणजे खसखशीपासून बारीक मोहरीपर्यंत. त्यांच्यावर सल्फोनिक अ‍ॅसिडचे गट बसवले की झालं घन आम्ल! कोरड्या 1 ग्रॅम मण्यांत साधारण 5 मिलिइक्विव्हॅलंट आम्ल असतं, म्हणजे जवळपास 0.25 ग्रॅम सल्फ्युरिक अ‍ॅसिडइतकं.

हे मणी आपल्या ओळखीचे आहेत बरं का. बॉयलरला जाणारं पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमध्ये याच जातीचं रेझिन असतं. फरक इतकाच की तिथे मण्यांवर हायड्रोजनऐवजी सोडियम असतो आणि तो कॅल्शियमशी जागा बदलतो.

आम्लच बांधता येतं असं नाही. विटिग रिअ‍ॅक्शनमध्ये ट्रायफिनाइल फॉस्फीनचं ऑक्साइड होतं आणि ते मालातून वेगळं करताना नाकी नऊ येतात. फॉस्फीन मण्याला बांधलं तर ऑक्साइडही मण्यावरच राहतं. मात्र हा रिएजंट आहे, कॅटॅलिस्ट नाही. तो खर्च होतो, पुन्हा 'चार्ज' करावा लागतो. व्हायवात हा फरक नक्की विचारतात!

या विचाराला मोठं नाव मिळालं ते 1963 साली. अमेरिकेत ब्रूस मेरिफिल्ड यांनी पहिलं अमिनो आम्ल मण्याला बांधलं आणि पुढची एकेक करून त्याला जोडत नेली. प्रत्येक पायरीनंतर फक्त मणी धुवायचे. त्यासाठी 1984 चं नोबेल मिळालं.

आणि आपल्या महाराष्ट्रात? माटुंग्याच्या यूडीसीटीत (आजचं आयसीटी) प्रा. एम. एम. शर्मा यांनी अशा आम्ल रेझिनवर पुष्कळ काम केलं. ए. चक्रबर्ती यांच्याबरोबर त्यांनी 1993 साली या विषयाचा सविस्तर आढावा लिहिला. 1990 साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण 2000 सालचं. साहा, चोपडे आणि महाजनी या तिघांनी पाण्यातलं 30 टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड परत मिळवायचं ठरवलं. पाणी 100 अंशाला उकळतं आणि हे आम्ल 118 अंशाला, त्यामुळे नुसत्या डिस्टिलेशनने वेगळं करणं महाग पडतं. त्यांनी 'इंडिऑन 130' हे रेझिन स्टीलच्या जाळीच्या पिंजऱ्यांत भरून डिस्टिलेशनच्या कॉलममध्येच ठेवलं आणि ब्युटेनॉल सोडलं. आम्लाचं एस्टर होत जातं आणि ते तिथल्या तिथे वेगळंही होतं. वाया जाणाऱ्या पाण्यातून विकता येणारा सॉल्व्हंट!

म्हणजे सगळं छानच का? नाही. सल्फोनिक रेझिन साधारण 120 अंशांच्या वर टिकत नाही, गट गळू लागतात. जोरात ढवळलं तर मणी फुटून पीठ होतं. रेणूला मण्याच्या आत शिरावं लागतं, त्यामुळे मोठे रेणू रेंगाळतात. कच्च्या मालात लोखंडाचे किंवा सोडियमचे आयन आले तर ते हायड्रोजनची जागा बळकावतात. मग मणी पुन्हा आम्लाने धुवायचे, आणि ते धुतलेलं पाणीही कुठेतरी जाणारच.

म्हणून नुसतं 'ग्रीन' लिहिलेलं पाहून भुलू नका. एकच बॅच करायची असेल तर साधं सल्फ्युरिक स्वस्त पडेल. तेच मणी वीस, पन्नास बॅच चालले तर गणित उलटतं. यंदा प्रोजेक्टला एस्टर घेणार असाल तर एक करा. तेच मणी गाळून पाच वेळा वापरा, दर वेळी कन्व्हर्जन मोजा आणि टायट्रेशन करून मण्यांवर किती आम्ल उरलं ते बघा. सोबत सिंकमध्ये किती लिटर पाणी गेलं तेही लिहा. रिपोर्टमध्ये यील्डचा रकाना असतोच, त्याच्या शेजारी हा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?