हॅन्डहेल्ड बदलले तरी अ‍ॅप टिकावे

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगात सुट्या भागांचा साठा कमीत कमी ठेवून ते लागतील तसे मागवण्याची पद्धत रुळलेली असल्यामुळे, पुरवठादाराच्या टेम्पोतून उतरणाऱ्या पेट्यांची नोंद तिथल्या तिथे व्हावी लागते. हे काम बारकोड वाचणारी हॅन्डहेल्ड, म्हणजे हातात मावणारे संगणक, करतात. अशी यंत्रे दीर्घकाळ विंडोज सीई आणि तिच्यावर बेतलेल्या प्रणालींवर चालत; परंतु विंडोज एम्बेडेड हॅन्डहेल्ड 6.5 या प्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये थांबवला, उत्पादक अँड्रॉइडकडे वळले आणि जुनी अ‍ॅप नव्या यंत्रांवर चालेनाशी झाली.

एकच अ‍ॅप निरनिराळ्या यंत्रांवर फारशी दुरुस्ती न करता चालणे, याला पोर्टेबल असणे म्हणतात. 1995 मध्ये आलेल्या जावाने आज्ञावली प्रत्यक्ष प्रोसेसरऐवजी एका कल्पित यंत्रासाठी भाषांतरित करून प्रोसेसरभेदाचा प्रश्न बराचसा सोडवला. स्कॅनरचा मात्र सुटला नाही, कारण काही यंत्रांत वाचलेला बारकोड कीबोर्डवर टाइप केल्यासारखा अ‍ॅपमध्ये उमटतो, तर काहींत तो उत्पादकाच्या स्वतंत्र आज्ञांद्वारे मागून घ्यावा लागतो. म्हणूनच पेटी चलनातली आहे का, नग जुळतात का, हे कामाचे नियम एका भागात आणि स्कॅनर, पडदा, नेटवर्क यांच्याशी बोलणाऱ्या आज्ञा दुसऱ्या छोट्या भागात ठेवणे हाच खरा उपाय आहे. यंत्र बदलले की हा छोटा भागच नव्याने लिहावा लागतो. ही विभागणी सुरुवातीलाच केली नाही, तर पुढे कोणतेही आधुनिक साधन ती उणीव पूर्णपणे भरून काढत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क तुटते, तेव्हा नोंदी यंत्रातच साठवून नंतर पाठवाव्या लागतात आणि प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक दिला, तर ती दोनदा पोहोचली तरी पेटी एकदाच मोजली जाते. हा तर्क कोणत्याही यंत्रावर तसाच राहतो.

मराठी अक्षरांचे तसे नाही. युनिकोडमध्ये ‘पिंपरी’ हा शब्द सहा संकेतांचा असून, पहिली वेलांटी ‘प’च्या डावीकडे दिसत असली तरी साठवताना ‘प’नंतर येते, हा क्रम ओळखून अक्षरे जुळवणारी व्यवस्था यंत्रात नसेल, तर शब्द विस्कटतो. शिवाय यूटीएफ-8 पद्धतीत या शब्दाला 18 बाइट लागतात. इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने 10 बाइटांची जागा राखलेली असेल, तर चौथा संकेत मध्येच तुटतो. त्यामुळे मराठी मजकुराची चाचणी प्रत्येक प्रकारच्या हॅन्डहेल्डवर स्वतंत्रपणेच करावी लागते.