गाळा पालिकेचा, पण पावती कोणाच्या नावाची?

कोणत्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ पालिकेच्या गाळ्यांची रांग असते. शिलाईचे दुकान, बांगड्या, अत्तर, घड्याळदुरुस्ती, गादी कारखाना. आपल्या समाजाचे कितीतरी धंदे याच रांगेत चालतात. वडिलांनी घेतलेला गाळा मुलगा चालवतो आणि तो आपलाच आहे असे घरातले सगळे धरून चालतात.

अशाच एका गावी आम्ही शिलाईच्या दुकानात बसलो होतो. समोरच्या भिंतीवर गाळ्यांच्या फेरलिलावाची नोटीस लागली होती. मास्तरांनी पत्र्याच्या डब्यातून पावत्यांचा गठ्ठा काढला. "एका महिन्याचं भाडं थकवलं नाही बघा," ते म्हणाले. पावत्या खऱ्या होत्या. मात्र प्रत्येक पावतीवर अब्बांचे नाव होते आणि अब्बांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. शेजारच्या बांगडीवाल्याची स्थिती याहून अवघड. त्याने आधीच्या गाळेधारकाला पगडी मोजून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले होते. पालिकेच्या रजिस्टरात त्याचे नावच नव्हते.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्रातील नगरपरिषदा 1965 च्या अधिनियमाने चालतात. त्यातील कलम 92 च्या मूळ तरतुदीप्रमाणे नगरपरिषद आपली स्थावर मिळकत स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपर्यंतच भाडेपट्ट्याने देऊ शकते, आणि भाडेकरूला तेथे पक्के बांधकाम करता येत नाही. या नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून आपला करार कोणत्या नियमाखाली आहे ते मालमत्ता विभागात विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. खासगी मालकाच्या भाडेकरूला जे संरक्षण मिळते, ते पालिकेच्या भाडेकरूला नाही. स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागेला 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागूच होत नाही. "तीस वर्षे बसलोय, कोण उठवतो?" हे बोलणे म्हणून येथे टिकत नाही. येथे टिकतो तो लेखी करार आणि सभेचा ठराव.

मग करावे काय? मूळ गाळेधारक वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून नावनोंदीचा अर्ज लगेच द्यावा. नऊ वर्षे थांबू नये. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. करार एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर तो नोंदणीकृत असावा लागतो. अनामत भरल्याची पावती भाड्याच्या पावत्यांपेक्षाही जपावी. पालिकेच्या संमतीशिवाय पगडी देऊन गाळा घेणे म्हणजे दुसऱ्याच्या जागेचे पैसे तिसऱ्याला देणे आहे. कष्टाची पुंजी त्यात घालू नये.

जुने गाळे पाडून नवे संकुल बांधण्याचे किंवा रस्ता रुंद करण्याचे काम निघते, तेव्हा तर जास्तच सावध राहावे. "तुम्हाला नव्यात गाळा मिळेल, काळजी करू नका," असा शब्द नगरसेवक देतात. देणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल, पण निवडणूक झाली की माणसे बदलतात. सध्याच्या गाळेधारकांची यादी नाव, गाळा क्रमांक व क्षेत्रफळासह ठरावाला जोडली आहे का, ते पाहावे. नसेल तर सगळ्यांनी मिळून मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी. पालिकेवर प्रशासक असला तरी निर्णय कागदावरच होतो. त्या ठरावाची प्रत 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक आहे.

एवढे केले म्हणजे गाळा हमखास राहील असे आम्ही म्हणत नाही. मुदत संपली की लिलाव होऊ शकतो. पण ज्याचे नाव दप्तरात आहे त्याला निदान आपले म्हणणे मांडता येते, अनामत परत मागता येते आणि लिलावात उतरायची तयारी वेळेवर करता येते. ज्याचे नावच नाही, त्याला कोणत्या नात्याने बोलावणार?

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. उधारीच्या वहीत आपण चार आण्यांचीही नोंद ठेवत आलो. ज्या जागेवर घर चालते तिच्या कागदाकडे मात्र पाहिले नाही.

मास्तरांनी त्याच दुपारी अर्ज लिहिला. आम्ही सोबत गेलो. आवक बारनिशीत नोंद झाली, शिक्का मिळाला. निर्णय सभेत व्हायचा आहे. वाचकांनी आपापल्या गाळ्याची पावती आजच काढावी आणि तिच्यावर कोणाचे नाव आहे ते वाचावे.