मोटारसायकलच्या बॅटरीची मुदत

मोटारसायकलची शिसे-आम्लाची बॅटरी साधारणतः ३ ते ५ वर्षे इमानाने चाकरी करीत असली, तरी विदर्भातील प्रखर उन्हाळा आणि महिनोन्‌महिने जागीच उभी ठेवलेली गाडी यांमुळे तिची मुदत अकालीच सरते. कारण अर्धवट चार्ज अवस्थेत पडून राहिल्यास तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक असे घट्ट बसतात, की पुढे चार्जिंग करूनही ते सहसा निघत नाहीत.

सेल्फ मारताच नुसतेच ‘कट्‌कट्‌’ वाजले, तरी बॅटरी बरखास्त करण्यापूर्वी टर्मिनलांवरचा पांढरट थर खरवडून तिची रीतसर तपासणी करावी. पूर्ण चार्ज करून रात्रभर सुटी ठेवल्यावर मल्टीमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवीत असेल, तर दोष बहुधा अन्यत्र आहे. परंतु तोच आकडा १२.४ च्याही खाली उतरला, तर माझ्या मते धक्का मारीत दिवस न काढता ती बदलावी, आणि जुनी बॅटरी दुकानदाराकडेच जमा करावी.