निवडलं कुणाला, शिकवलं कुणी?

भारताचा क्रिकेट संघ जाहीर झाला की आपल्याकडे आठवडाभर वाद रंगतो. दक्षिण आफ्रिकेत आणि न्यूझीलंडमध्ये तो रग्बीवर रंगतो आणि आपल्यापेक्षा जास्त पेटतो, कारण रग्बी युनियनच्या संघात पंधरा जण असतात आणि पंधरा जागांना पंधरा तऱ्हेची माणसं लागतात. पुढच्या फळीत दीडशे किलोला टेकणारा धिप्पाड गडी चालतो. कडेला मात्र वाऱ्यासारखा पळणाराच हवा. कुणाला घेतलं, कुणाला वगळलं, कुणाची वर्णी वशिल्याने लागली, यावर घराघरांत भांडणं होतात. निवडलेल्या पोराला बारा-तेरा वर्षांचा असताना चेंडू कसा धरायचा हे कुणी शिकवलं, हा प्रश्न मात्र त्या वादात फार क्वचित येतो. मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर शोधायला रग्बीच्या देशात जायची गरज नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा आणि हल्याळच्या जंगलात, खेळाडू निवडून घडवण्याचा प्रयोग आपल्या देशाने स्वतःच करून पाहिला आहे.

जोयडा म्हणजे जुना सुपा तालुका. काळी नदीवर गणेशगुडीला धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. पश्चिमेला गोव्याची हद्द, वर कॅसलरॉक आणि रामनगर, मधे काळी व्याघ्र प्रकल्पाचं दाट रान. वस्त्या विरळ, एकमेकींपासून लांब. इथे कुणबी आहेत, मराठी बोलणारे धनगर गवळी आहेत आणि थोडे सिद्दीही आहेत. सिद्दींची मोठी वस्ती शेजारच्या हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोड तालुक्यांत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरब आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. गोव्यातून सुटलेले, पळालेले अनेक जण घाट चढून या रानात आले आणि इथलेच झाले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. घरची बोली कोकणी-मराठीच्या मिश्रणाची, त्यामुळे बेळगावचा किंवा सावंतवाडीचा माणूस त्यांच्याशी सहज बोलू शकतो. जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र 2003 साली मिळाला.

1980च्या दशकाच्या मध्यावर राजीव गांधींच्या सरकारात क्रीडा खातं मार्गारेट अल्वा यांच्याकडे होतं. त्या मूळच्या मंगळूरच्या. पुढे 1999 साली त्या याच भागातल्या कॅनरा मतदारसंघातून खासदार झाल्या. भारतीय क्रीडा प्राधिकरण तेव्हा नवं होतं, 1984 साली स्थापन झालेलं. त्याच्या 'स्पेशल एरिया गेम्स' योजनेमागची कल्पना सरळ होती. देशाच्या कोपऱ्यांत काही समाज असे आहेत की ज्यांच्या अंगात एखाद्या खेळाची उपजत क्षमता आहे. त्यांना शोधायचं आणि शिकवून ऑलिंपिकपर्यंत न्यायचं. राजस्थानच्या भिल्ल भागात धनुर्धर शोधले गेले, मणिपुरात मुष्टियोद्धे. सिद्दींच्या बाबतीत तर्क असा, की हे मुळात आफ्रिकेचे आहेत, मग आफ्रिकी धावपटूंसारखे हेही पळतील.

1987च्या सुमारास निवड समित्या या भागात आल्या. वस्त्यांतली मुलंमुली पळवून पाहिली, उड्या मारायला लावली, वेळ मोजली. निवडलेल्यांना बंगळूरला नेलं. अनवाणी पळणारी पोरं सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइक्स घालून धावू लागली. वसतिगृह, पोटभर जेवण, शाळा, सकाळ-संध्याकाळ सराव असा सगळा दिनक्रम बदलला. त्यांतल्या काहींनी राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर पदकं मिळवली. कमला सिद्दी हे नाव अॅथलेटिक्समध्ये त्या काळात गाजलं. आणि 1993 साली सिद्दींसाठीचा हा कार्यक्रम गुंडाळला गेला. सहा-सात वर्षांत धावपटू पिकत नसतो. बाराव्या वर्षी उचललेलं पोर तेव्हा कुठे अठरा-एकोणिसाचं झालं होतं. काहींना खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत, पोलिसांत, कस्टम्समध्ये नोकऱ्या लागल्या. बाकीचे घरी परतले, शेतात आणि मजुरीला लागले.

या योजनेबद्दल आजवर जे लिहिलं गेलं, त्यात दोन सूर दिसतात. एक म्हणतो, सरकारने मधेच हात काढून घेतला नसता तर ऑलिंपिक पदक आलं असतं. दुसरा म्हणतो, रक्त पाहून खेळाडू निवडणं हाच मूळ दोष. दुसऱ्या सुराशी मी सहमत आहे. आफ्रिका हा एक समाज नव्हे. लांब पल्ल्याच्या शर्यतींत जग गाजवणारे केनियाचे बहुतेक धावपटू कालेंजिन समाजाचे आणि उंच पठारावर वाढलेले. शंभर मीटरला जिंकणारे जमैकन पश्चिम आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचे वंशज. सिद्दींचे पूर्वज या दोन्हींहून वेगळे, बांटू भाषा बोलणारे, आणि त्यांच्यात शतकानुशतकं इथलं रक्त मिसळलेलं, असं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत दिसून आलं. तेव्हा 'आफ्रिकेचे म्हणून पळतील' हा तर्क शास्त्राच्या कसोटीवर उभा राहत नाही.

पण दोन्ही सूर निवडीपाशीच घुटमळतात. जमैका आणि केनिया धावतात कशामुळे, हे नीट पाहिलं तर गोष्ट शिकवणाऱ्यांपाशी येऊन पोचते. जमैकात शाळांच्या अॅथलेटिक्स स्पर्धा 1910पासून चालू आहेत आणि त्या पाहायला अख्खं स्टेडियम भरतं. त्यांना मुलं पुरवायची तर शाळाशाळांत शिकवणारे हवेत. म्हणून 1980 साली क्यूबाच्या मदतीने जी. सी. फॉस्टर हे महाविद्यालय उभं राहिलं. तिथे क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक घडतात आणि देशभरच्या शाळांत जातात. केनियात इतेन नावाच्या गावी सेंट पॅट्रिक्स नावाची शाळा आहे. कोल्म ओ'कॉनेल हे आयर्लंडचे ख्रिस्ती धर्मबंधू 1976 साली तिथे भूगोल शिकवायला आले. अॅथलेटिक्सचं कसलंही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. मुलांना पळताना पाहत, चुकत, सुधारत ते तिथेच राहिले. आठशे मीटरचा विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखाली तयार झाला. तो भाग मुलांच्या गुणांसाठी जितका ओळखला जातो तितकाच या एका माणसासाठीही.

आता रग्बीकडे वळू, कारण निवडीचा वाद तिथे सर्वांत उघडपणे झाला. वर्णभेद संपल्यावरही दक्षिण आफ्रिकेचा संघ बरीच वर्षं बहुतांश गोराच होता. 2019च्या विश्वचषकापर्यंत संघात निम्मे कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय खेळाडू असावेत, असं उद्दिष्ट तिथल्या रग्बी संघटनेने ठेवलं. त्यावर वर्षानुवर्षं रणकंदन चाललं. 2018 साली सिया कोलिसी कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला, तेव्हाही 'कोट्यातला कर्णधार' म्हणणारे होते. 2 नोव्हेंबर 2019 रोजी योकोहामात त्याच्या संघाने इंग्लंडला 32-12 असं हरवलं. 2023 साली न्यूझीलंडला 12-11 असं एका गुणाने हरवून पुन्हा विश्वचषक उचलला.

कोलिसी तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्वीडे या गरीब वस्तीतला. आजीने वाढवलेला, अनेकदा उपाशी झोपलेला. त्याच्या शाळेत एरिक सोंग्विकी नावाचे शिक्षक होते. ते आफ्रिकन बॉम्बर्स या वस्तीतल्या क्लबमध्ये मुलांना रग्बीही शिकवत. मोसेल बे इथे बारा वर्षांच्या आतल्या मुलांच्या स्पर्धेला त्यांनीच कोलिसीला नेलं. खेळायची चड्डी नव्हती म्हणून हा पोरगा आतल्या चड्डीवर खेळला आणि तरी नजरेत भरला. त्यातून ग्रे या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे.

ग्रेने त्याला निवडलं हे खरं. पण मोसेल बेच्या मैदानावर पोचेपर्यंत त्याला चेंडू घेऊन पळता येत होतं, पडायचं कसं हे कळत होतं, समोरच्याला खांद्याने कसं अडवायचं हे माहीत होतं. हे शिकवणारा माणूस त्याच्याच वस्तीत राहत होता आणि रोज भेटत होता. कोलिसीच्याच संघातला माकाझोले मापिंपी ग्रामीण ईस्टर्न केपमधल्या साध्या शाळेतला. रग्बीसाठी नावाजलेल्या शाळेत तो गेला नाही, म्हणून निवडणाऱ्यांच्या नजरेला पडायला वेळ लागला. राष्ट्रीय संघात आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. 2019च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा पहिला ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं, त्यानेच केला. कोट्यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी या गोष्टीचा नीट विचार करायला हवा होता. माणूस संघात बसतो की नाही, हे बहुतेकदा निवड समितीच्या बैठकीच्या दहा वर्षं आधी ठरलेलं असतं.

रग्बीत तर प्रशिक्षक हा जिवाचा प्रश्न आहे. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांत डोकी-खांदे अडकवून रेटतात. पुढच्या रांगेतल्या पोराला मान आणि पाठ कशी ठेवायची हे शिकवलं नसेल तर मणक्याला कायमची इजा होऊ शकते. म्हणून प्रशिक्षण न घेतलेला गडी पुढच्या रांगेत उभा करता येत नाही, असा नियमच आहे. भुवनेश्वरच्या कलिंग सामाजिक विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या आदिवासी मुलांनी 2007 साली लंडनमध्ये चौदा वर्षांखालील आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली, तेव्हा देशाला आश्चर्य वाटलं. मुलं वस्त्यांतून आलेली होती, आणि ती जिथे शिकत होती तिथेच रोजचा सरावही होता.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल भागातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून तिचे फलक लागले. तिचे प्रशिक्षक विजेंदर सिंग क्रीडा प्राधिकरणाचेच. पण ते नाशिकला राहिले, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर वर्षानुवर्षं उभे राहिले. कवितानंतर मोनिका आथरे आली, संजीवनी जाधव आली. एक माणूस एका जागी टिकला आणि त्याच्याभोवती धावपटूंची पिढी तयार झाली. सिद्दींच्या योजनेत नेमकं हेच झालं नाही. मुलं उचलून बंगळूरला नेली, प्रशिक्षक बंगळूरचे, आणि कार्यक्रम संपल्यावर गावात काहीही उरलं नाही. मैदान उरलं नाही, वेळ मोजायला घड्याळ घेऊन उभा राहणारा कुणी उरला नाही.

राजस्थानचा धनुर्धर लिंबाराम याची गोष्टही 'स्पेशल एरिया गेम्स' योजनेतलीच. उदयपूर जिल्ह्यातला अहारी जमातीचा हा पोरगा 1987च्या चाचणीत निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी सोल ऑलिंपिकमध्ये उतरला. 1992 साली त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि बार्सिलोनात त्याचं पदक एका गुणाने हुकलं. मणिपूरचा डिंको सिंग 1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत मुष्टियुद्धात सुवर्ण घेऊन आला. मणिपुरात इम्फाळलाच केंद्र होतं आणि ते चालू राहिलं. तिथे मुष्टियुद्ध रुजण्यात त्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

शिकवणारा जवळ असला की खेळाडू घडतात, याचा पुरावा हल्याळमध्येही आहे आणि तो कुस्तीतला आहे. हल्याळ हा मराठी माणसांचा, तालमींचा मुलूख. तिथे कुस्तीचं क्रीडा वसतिगृह आहे, वस्ताद आहेत, आखाडा रोज उकरला जातो. त्या आखाड्यातून लीना सिद्दी, शालिना सिद्दी अशा मुली राज्यस्तरावर चमकल्या. सिद्दींच्या रक्तात कुस्ती आहे असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. आखाडा जवळ होता, शिकवणारा जवळ होता, मुली गेल्या आणि शिकल्या. मुंडगोड परिसरात 2016 पासून नितीश चिनीवार यांच्या ब्रिजेस ऑफ स्पोर्ट्स या संस्थेने पुन्हा धावपटू घडवायला घेतले, तेव्हा सिद्दींबरोबर इतर समाजांची मुलंही घेतली. त्यातूनच धनगर गवळ्यांची नयना कोकरे ही वेगवान धावपटू पुढे आली. आफ्रिकी रक्ताच्या शोधात निघालेल्या समितीने गवळ्याच्या पोरीकडे वळूनही पाहिलं नसतं.

जोयड्यात आज काय करता येईल, याचं उत्तर मला अवघड वाटत नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून प्रशिक्षक तयार करते. तिचा वर्षाचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. जोयडा-हल्याळच्या शाळांतल्या पीटीच्या मास्तरांना, खेळ सोडून घरी बसलेल्या तरुणांना तिथे पाठवायचं, परत आल्यावर तालुक्यातच मानधनावर ठेवायचं आणि दोन-तीन वर्षांनी 'पदक कुठे आहे' असं विचारायचं नाही. 1987 साली बंगळूरला गेलेली मुलं आज पन्नाशीत आहेत. स्टार्टिंग ब्लॉकवर पाय कसा ठेवायचा, अडथळ्याआधी पावलं कशी मोजायची, वसतिगृहात पहिल्या महिन्यात घराची आठवण आली की काय करायचं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. आणि मुलांशी ते त्यांच्याच बोलीत बोलू शकतात. नव्या योजनेने पहिली यादी काढावी ती या माणसांची, आणि त्यांच्या पगाराची तरतूद मुलांच्या बुटांआधी व्हावी.