टाच का टेकत नाही?

एक पाऊल जमिनीला लागल्यापासून तेच पाऊल पुन्हा लागेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात घोटा, गुडघा, खुबा आणि कंबर आपापलं काम उरकतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलात यांतल्या दोन-तीन ठिकाणी एकदमच काहीतरी अडलेलं असतं. वर्षानुवर्षं ही मुलं पाहणाऱ्या माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टचा डोळासुद्धा एका वेळी एकच सांधा नीट पकडतो. म्हणून आम्ही मुलांच्या चालण्याचा व्हिडिओ घेतो.

पालकही मोबाईलमध्ये व्हिडिओ घेऊन येतात, पण बहुतेक वेळा तो उभ्यानं, वरून आणि मुलाच्या मागे मागे फिरत घेतलेला असतो. त्यात गुडघ्याचा खरा कोन कळत नाही. मोबाईल स्टँडवर, मुलाच्या गुडघा ते कमरेच्या उंचीवर, चालण्याच्या रेषेशी काटकोनात ठेवायचा आणि तिथेच राहू द्यायचा. आधी दोन्ही बाजूंनी, मग समोरून आणि पाठीमागून. पाय अनवाणी, चड्डी आखूड, गुडघ्याच्या वाटीवर आणि टाचेवर स्केचपेनची खूण. सुरुवातीची आणि शेवटची पावलं मोजायची नाहीत, कारण तिथे मूल वेग घेत किंवा थांबत असतं. मग हेच सगळं स्प्लिंट घालून पुन्हा.

कॅमेरा दिसला की मुलं ताठ होऊन चालतात. आई लगेच म्हणते, “मॅडम, घरी असं नाही चालत हा.” तिचं खरं असतं. म्हणून मी आणखी काही फेऱ्या होऊ देते. मूल जरा दमलं की रोजची चाल दिसायला लागते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: “टाच टेकत नाही, चवड्यावर चालतो.” पाठोपाठ प्रश्न येतो, टाचेची शीर लांब करून घ्यायची का? इथे मी बाजूनं घेतलेला व्हिडिओ थांबवते. सगळा भार त्या एका पायावर आहे, दुसरा पाय हवेत पुढे निघालाय, ती फ्रेम शोधते. काही मुलांत पाऊल खरोखरच खाली ताणलेलं असतं आणि गुडघा सरळ किंवा मागे कललेला असतो. दोष पोटरीत आहे. पण काहींत पाऊल आणि नडगी यांच्यात जवळजवळ काटकोन दिसतो, म्हणजे घोटा ठीक आहे! वाकलेत ते गुडघा आणि खुबा, आणि त्यामुळे टाच वर उचलली गेलीय. मेलबर्नच्या जिल रॉडा आणि केर ग्रॅहम यांनी डायप्लेजियातल्या, म्हणजे दोन्ही पायांत ताठरपणा असलेल्या मुलांच्या, चालींची जी वर्गवारी केली, तिच्यात या दोन चाली स्वतंत्र मांडल्या आहेत. धावत्या नजरेला त्या सारख्याच भासतात.

हा फरक चुकला तर किंमत मोठी असते. उभं असताना नडगीला पुढे कोसळू न देण्याचं काम पोटरी करते. दुसऱ्या प्रकारच्या मुलाची टाचेची शीर सैल केली, तर टाच टेकते खरी, पण तो आधार जातो आणि मूल गुडघ्यांत आणखी वाकून चालू लागतं. उंची आणि वजन वाढतं तशी ती वाकलेली चाल त्याला थकवते, गुडघे दुखू लागतात. अर्थात नुसत्या व्हिडिओवर शस्त्रक्रिया ठरवायची नसते. मुलाला टेबलावर झोपवून प्रत्येक स्नायूचा ताठरपणा, ताकद आणि हाडांचा पीळ हातांनी तपासावाच लागतो. पाय आत वळतो तो मांडीच्या हाडामुळे की नडगीच्या, हे पडद्यावरून खात्रीनं सांगता येत नाही.

पाहिलेलं नोंदवायला आम्ही 2003 मध्ये प्रसिद्ध झालेली एडिनबरो पद्धत वापरतो. प्रत्येक पायासाठी 17 मुद्दे, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण. गुण जितके कमी तितकी चाल बरी. शरीरावर मार्कर लावून मोजणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या, खर्चिक आणि बऱ्याच कुटुंबांपासून लांब. ही पद्धत मात्र तालुक्याच्या गावीही चालते. 2020 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या गिलेट रुग्णालयातल्या मुलांचे एका कॅमेऱ्याच्या व्हिडिओंवरून संगणकाला शिकवून चालीचा वेग आणि गुडघ्याचा वाक यांचा अंदाज काढून दाखवला. मला त्याचं मनापासून स्वागत वाटतं. मात्र व्हिडिओ नीट घेण्याची शिस्त तेव्हाही लागेलच.

गुण सुधारले तरी मी आईला आणखी एक विचारते: 5 मीटर, 50 मीटर, 500 मीटर, म्हणजे घरात, शाळेत आणि बाहेर, हा कसा जातो? अशाच एका मुलाच्या आईनं परवा सांगितलं, “घरात भिंतीला न धरता, शाळेत काठी घेऊन. आठवडी बाजारात मात्र अजून कडेवरच.” तिन्ही उत्तरं मी गुणांच्या शेजारी लिहून घेतली आणि पुढच्या तीन महिन्यांच्या व्यायामात लांब अंतर चालण्याचा सराव वाढवला.