रंग ठरवतो शेजारी

एका चौकोनात दुसरा चौकोन, त्यात तिसरा, कधी चौथाही. जोसेफ अल्बर्स या मूळच्या जर्मन चित्रकाराने १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत अमेरिकेत हीच रचना हजाराहून अधिक वेळा रंगवली. ‘होमेज टू द स्क्वेअर’ हे त्या मालिकेचे नाव. रंग बहुतेक वेळा थेट ट्यूबमधून काढून चाकूने पसरलेले. कोणता रंग, कोणत्या कंपनीचा, हे चित्राच्या मागे लिहिलेले. लपवाछपवी काहीच नाही. तरीही चित्रासमोर उभे राहिले की मधला चौकोन कधी पुढे येतो, कधी आत जातो आणि सपाट रंग कडेला उजळल्यासारखा भासतो.

हा खेळ अल्बर्सच्या कितीतरी आधी एका रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात आला. पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात १८२४ मध्ये मिशेल शेव्रल रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती, निळ्या-जांभळ्या कापडातला काळा रंग फिका दिसतो. शेव्रलने तपासले, तर काळ्या रंगात खोट नव्हतीच. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. (हा गृहस्थ १०२ वर्षे जगला.)

याचे कारण आपल्या दृष्टीच्या रचनेत आहे. दृष्टिपटलावरच्या तीन प्रकारच्या शंकुपेशी प्रकाश टिपतात, पण त्यांचा संदेश जसाच्या तसा मेंदूकडे जात नाही. वाटेतल्या पेशी आजूबाजूच्या भागाशी तुलना करतात आणि फरक ठळक करून पुढे पाठवतात. मेंदूही तेच पुढे चालवतो. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापून एक काळ्या आणि एक पांढऱ्या कागदावर ठेवा. काळ्यावरचा तुकडा उजळ दिसेल. दोन्ही सारखेच आहेत हे ठाऊक असूनही दिसेल. अल्बर्स विद्यार्थ्यांना रंगीत कागद देऊन असेच प्रयोग करायला लावत. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६३ मध्ये आले.

डोळ्यांची ही खोड एरवी उपयोगाची आहे. तुलनेच्या याच सवयीमुळे टोमॅटो उन्हात, सावलीत आणि घरातल्या दिव्याखाली लालच दिसतो. मात्र एखादा रंग नेमका किती आहे हे मोजायची वेळ आली, की तीच सवय गोत्यात आणते.

नवजात बाळाच्या काविळीत हे जिवावर बेतू शकते. पिवळा बल्ब, रंगीत भिंत, दुपट्याचा रंग, बाळाचा मूळ वर्ण, या सगळ्यांमुळे त्वचेच्या पिवळेपणाचा अंदाज चुकतो, आणि अनुभवी नजरही याला अपवाद नाही. बिलिरुबिन फार वाढले तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून बाळाला स्वच्छ दिवसाच्या उजेडात पाहावे आणि शंका आली तर नजरेवर न विसंबता त्वचेला टेकवायच्या यंत्राने किंवा रक्ततपासणीने प्रमाण मोजून घ्यावे. जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, किंवा बाळ दूध ओढेनासे आणि मलूल झाले, तर ताबडतोब डॉक्टर गाठायला हवेत.